मधल्या खुर्चीचं माप

आजच्या सेवापूर्ती सोहळ्याच्या अध्यक्षा, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आदरणीय पूर्णिमाताई, व्यासपीठावरील संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती आदरणीय लीलाताई भंगाळे मॅडम, त्यांचे यजमान आणि माझे स्नेही दत्तात्रयभाऊ, शिक्षकवृंद, पालक, मॅडमच्या हाताखालून गेलेले आजी-माजी विद्यार्थी, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले सर्व सज्जनहो, आपणा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी वसंत महाजन. मंडीजवळ माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मला इथे का उभं केलंय, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही. माझ्याआधी चार वक्ते बोलले. मॅडमनी तेहतीस वर्षं या बऱ्हाणपुरात मराठी कशी शिकवली, हिंदीत बोलणाऱ्या पोरांकडून 'ळ' कसा घटवून घेतला, सगळं सांगून झालं. मी त्यांच्या वर्गात बसलो नाही. अकरा वर्षं दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या घरी गाणी ऐकायला गेलो, एवढाच माझा अधिकार. परवा बसून चार पानं भाषण लिहिलं, रात्री बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, यात मॅडम कुठे आहेत? यात तर नुसता चहा आहे." खरंच होतं. पाना-पानाला चहा होता. म्हणून ती पानं खिशातच ठेवली आहेत आणि आता सुचेल तसं बोलतो आहे. गोंधळ होईल, तर सांभाळून घ्या.

आम्ही सात जण. दत्तूभाऊंच्या राजपुऱ्यातल्या घरात पुढची खोली आहे, तिथे दोन मोठे स्पीकर. नेपानगरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर भाऊंनी हौसेनं घेतलेले. पण आवाज काही बसेना. तबल्याचा डग्गा वाजला की ढोल वाजल्यासारखा, आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडालेले. भाऊ म्हणायचे, खोलीचा दोष आहे. आमचा वामन म्हणायचा, "नाचता येईना अंगण वाकडं!" भिंतीला गोधड्या टांगून झाल्या. कोपऱ्यात कापसाची पोती उभी करून झाली. त्या पोत्यांमागे उंदीर झाले, आवाज तसाच राहिला.

मग मागच्या दिवाळीला भाऊंचा भाचा गौरव इंदूरहून आला. लॅपटॉप आणि बोटाएवढा माईक घेऊन. मधल्या खुर्चीत, बरोबर डोक्याच्या उंचीवर, त्यानं तो माईक लावला. स्पीकरमधून एक शिट्टी सोडली, खालून घुमत घुमत वर कानात जाणारी. लॅपटॉपवर सातपुड्यासारखी रेघ उमटली. म्हणाला, "काका, देखो, खोलीच काही सूर फुगवते आणि काही खाऊन टाकते. आता कॉम्प्युटर काय करेल, जे खोली फुगवते ते आधीच कमी करून पाठवेल." मी म्हटलं, मतलब अंगण खरंच वाकडं? तो म्हणाला, "बिलकुल वाकडं. पण एक बात आहे, जिथे माईक ठेवला ना, तिथेच सगळ्यात बरोबर लागेल. बाकीच्या जागेची गॅरंटी नाही."

हे वाक्य मी ऐकलं होतं. आज कबूल करतो, स्वच्छ ऐकलं होतं.

तर मंडळी, त्या मधल्या खुर्चीत आम्ही पाळीपाळीनं बसलो. काय सांगू! डग्गा डग्ग्यासारखा, शब्द न् शब्द वेगळा, गाणारा अगदी समोर बसलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वामननं तर दत्तूभाऊंचे पाय धरले. पुढचे दोन-अडीच महिने आम्ही पंधरा मिनिटं आधीच हजर राहायचो, खुर्चीसाठी. त्यावरून दोनदा भांडणंही झाली.

आणि संक्रांतीनंतर सगळं बिघडलं. त्याच खुर्चीत, तेच गाणं, पण आवाज पोकळ. गाणारा एका बाजूला सरकलेला. आम्हाला काही उमजेना. कुणी म्हणालं व्होल्टेज कमी आहे. कुणी म्हणालं सोफ्याला नवं कव्हर घातलं, ते आवाज पितं. आमच्यातल्या प्रशांतला तर आम्ही खोलीबाहेर बसवून पाहिलं, कारण त्याचं वजन दिवाळीपासून फार वाढलं होतं. दत्तूभाऊंना विचारावं, तर ते म्हणत, "मले तं बरं वाटतं रे भाऊ." वामन चिडला. म्हणाला, "तुझे कान गेले." आणि यायचा बंद झाला. वीस वर्षांची दोस्ती, आणि भाऊ त्याला समजवायलासुद्धा गेले नाहीत. मला त्याचाही राग आला.

याच दिवसांत मला एक गंमत दिसायची. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी... माफ करा, मॅडम... नाही, मला वहिनीच म्हणू द्या. वहिनी दारात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून वह्या तपासायच्या. वर्षानुवर्षं तिथेच बसायच्या. आमचा चहा टाकायला आणि आधण पाहायला ती जागा सोयीची. पण संक्रांतीनंतर पाहावं तर मांडीवर एकच वही, आणि लाल पेनाचं टोपण लावलेलं. एकदा मी चिडवलंसुद्धा, "वहिनी, एकाच पोराची वही किती वेळ तपासता?" त्या हसल्या. हसताना इतक्या लाजल्या की मला नवल वाटलं. आणि नवल वाटून मी चहा पिऊन घरी गेलो.

अध्यक्षाताई घड्याळ पाहताहेत. दोनच मिनिटं, ताई.

शिवरात्रीनंतरच्या रविवारी दत्तूभाऊ जिलेबी आणायला गेले. गाणी लावायचा त्यांचा टॅब टेबलावर होता. मी उघडला. त्यात गौरवनं खोलीच्या मापाच्या दोन नोंदी केलेल्या, एक दिवाळीच्या तारखेची, एक संक्रांतीच्या. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! संक्रांतीच्या नोंदीनंच सगळी घाण केली. मी दिवाळीची लावली, आणि संक्रांतीची पुसून टाकली. दुकानात खराब बी निघालं की मी पोतं तसंच ठेवत नाही, फेकूनच देतो. सवय, दुसरं काय. आवाज सुधारला. सगळे म्हणाले, "वसंतराव, कान असावा तर असा!" आणि मी मान डोलावली हो.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. दारात थांबल्या. म्हणाल्या, "आज काही बदललं का, भाऊजी?"

मी म्हटलं, "सुधारलं वहिनी! ऐका!"

त्या थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हं. छान." आणि ट्रे ठेवून आत गेल्या. पुढच्या रविवारपासून त्या स्टुलावर बसल्या नाहीत. वह्या ओट्यावर ठेवून, उभ्यानंच तपासू लागल्या. माझ्या लक्षात आलं होतं. वाटलं, परीक्षा जवळ आली असेल.

आता दोघं लेकीकडे, स्नेहलकडे इंदूरला कायमचे चालले, म्हणून गेल्या मंगळवारी गौरव स्पीकर काढायला आला. मी वायरी गुंडाळत होतो. मी फुशारकीनं म्हटलं, तुझं संक्रांतीचं माप चुकलं होतं रे, मी पुसलं. पोरगं म्हणालं, "काका, तो आप थे? अहो, ते माप दाराचं होतं. स्टुलावर माईक ठेवून घेतलेलं. मामांनी मुद्दाम बुलाया था. म्हणाले, तुझी मामी अकरा वर्षं तिथून नुसता धबधब ऐकते, एकदा तिला गाणं ऐकू दे."

मी विचारलं, मग पुसल्यावर पुन्हा का नाही घेतलं? तर म्हणाला, "मी येणारच होतो. मामींनी मना केलं. म्हणाल्या, पाहुण्यांचं बिघडतं."

मंडळी,  खाई त्याला खवखवे म्हणतात, मी तर खाल्लं होतं आणि ढेकरही दिला होता. दत्तूभाऊंना पहिल्याच दिवशी कळलं असणार. टॅब त्यांचाच ना! मग हा माणूस मला एका शब्दानं का बोलला नाही? वहिनी चार महिने मला त्याच कपात चहा का देत राहिल्या? चार दिवस झाले, मला याचा उलगडा होत नाही. भाऊ, वहिनी, तुम्हाला राग आला नाही की आला आणि गिळलात, तेही कळत नाही. आणि आम्ही सात शहाणे, आवाज कुठे पोकळ झाला ते शोधत खोलीभर फिरलो, तेव्हा आमच्यापैकी एकालाही त्या दारापर्यंत जाऊन ऐकावंसं का वाटलं नाही? आठ पावलं होती हो. मला लाज वाटते.

वामनला मी काल सगळं सांगितलं. तो आज आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. दत्तूभाऊ, इंदूरला जाण्याआधी त्याला भेटा.

शाळेनं मला इथे बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला मनापासून आभारी आहे. मॅडमच्या सत्कारात मी घरचं गाऱ्हाणं आणलं, त्याबद्दल अध्यक्षांनी मला क्षमा करावी. बोलता बोलता काही चुकलं असेल तर पदरात घ्या, असं वक्ते शेवटी म्हणतात. मला 'असेल तर' म्हणायची सोय नाही. वहिनी, माझं चुकलं. सगळ्यांसमोर चुकलं म्हणतो.

आणि एकच विचारायचं राहिलं. अकरा वर्षांत आम्ही सातही जणांनी त्या घरात आपापल्या फर्माइशी लावून घेतल्या. तुम्हाला काय ऐकायला आवडतं, हे मला आज इथे उभा असतानाही माहीत नाही. तेवढं सांगा, वहिनी. उठू नका, तुम्ही बसूनच राहा. माईक मी तुमच्याकडे घेऊन येतो.