सहीच्या आधीचं वर्ष

सन्माननीय अध्यक्ष न्यायमूर्ती लिंडग्रेनबाई, व्यासपीठावर विराजमान पाद्री होल्मसाहेब, ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो ते आपले माजी गव्हर्नर ऑर्व्हिल ट्वेट, त्यांच्या पत्नी जॅनिसबाई, आणि शाळेच्या या सभागृहात अंगावरचे कोट मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

साहेबांच्या ऐंशीव्या वाढदिवशी बोलायला त्यांच्या पक्षातलं कुणी मिळालं नाही का, असं मला मघाशी दारातच कुणीतरी विचारलं. प्रश्न रास्त आहे. राज्याच्या सिनेटमध्ये मी विरोधी पक्षात होते आणि माझी उमेदीची वर्षं यांच्याशी भांडण्यात गेली. पण माझं नाव त्यांनीच सुचवलं. 'आर्डिथबाईंना बोलवा, त्या उगाच गोड बोलणार नाहीत,' असं म्हणाले म्हणे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. तेव्हा माणूस मोठ्या दुखण्यानं पडला, की विमा कंपनी पुढच्या वर्षी त्याची पॉलिसी चालू ठेवायला सरळ नकार द्यायची. राजकारणात येण्याआधी मी परिचारिका होते, अशी माणसं मी रोज पाहिली होती. म्हणून मी विधेयक आणलं: आजारपणाच्या कारणानं कुणालाही विम्याबाहेर काढू नये. थोडक्या मतांनी ते मंजूर झालं, गव्हर्नरांच्या टेबलावर गेलं, आणि त्यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं.

त्यांचं मत प्रामाणिक होतं, हे आज मोकळेपणानं सांगते. सरकारनं कंपन्यांना दावणीला बांधलं तर त्या राज्य सोडून जातील, मग सगळेच उघड्यावर पडतील, असं त्यांना वाटे. मी तणतणत त्यांच्या दालनात गेले.

'साहेब, तुम्ही कधी आजारी पडला आहात का?'

'नाही.'

'दिसतंच आहे,' मी म्हणाले आणि निघून आले.

पुढच्या हिवाळ्यात आपल्या चर्चमधलं माशाचं जेवण होतं. आठवतं ना ते तळघर? भिंतींना वर्षभर त्या लुटफिस्कचा, क्षारात भिजवलेल्या सुक्या माशाचा वास असायचा, आणि तरीही मिसुरी नदीपलीकडून माणसं बर्फातून गाड्या हाकत यायची. तिथं वाढणारे ते हात आज बरेचसे नाहीत. गव्हर्नर आले आणि नेमके व्हर्न ओस्बींच्या शेजारी बसले. व्हर्न आपल्या शाळेची बस चालवायचे. इथल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शाळेत पोचवलंय. मी समोर बसले होते.

'काय व्हर्न, बस काय म्हणतेय?'

'सोडली, साहेब. उन्हाळ्यात हृदयविकाराचा झटका आला. ऑपरेशन करायला सांगितलंय, पण विमा कंपनीनं मला काढलं. दुसरी कुणी घेत नाही.'

'अहो, मग मला नाही का कळवायचं?'

'तुम्हाला काय कळवणार?' व्हर्न शांतपणे म्हणाले. 'तुम्हाला ठाऊकच होतं की. कंपन्यांना तेवढी मोकळीक हवी, असं तुम्ही म्हणालात ते मी पेपरात वाचलं. असेलही तसं. मत मी तुम्हालाच दिलंय, पुढंही देईन. हे लोणी घ्या, मासा कोरडा लागतो.'

त्यात टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर गव्हर्नरांनी परतवला असता. त्यांनी लोणी घेतलं आणि पान संपवून उठले.

बाहेर गाडीपाशी मला म्हणाले, 'विधेयक पुन्हा मांडा.'

'आणि तुम्ही?'

'मांडा म्हणतोय ना.'

मी मांडलं. ज्यांना आधीच काढलंय त्यांनाही परत घ्यावं, असं कलम या वेळी त्यात घातलं. मग साहेबांचे बालमित्र मर्ल हास त्यांना भेटायला आले. मर्ल विमा एजंट, आणि प्रत्येक निवडणुकीत साहेबांचा उजवा हात. मी तिथंच होते.

'ऑर्व्हिल, कंपन्या जातील. माझा धंदा बसेल.'

'बसेल बहुतेक.'

'आणि तू पडशील.'

'तेही होईल.'

मर्लनी टोपी उचलली. लहानपणापासून दोघं दर शरदात जोडीनं फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला जात. त्यानंतर कधी गेले नाहीत.

साहेबांनी सही केली. पण ते माझ्या बाजूला आले, असं कुणी समजू नका. माझ्या पक्षाला हवी होती तशी विमा घ्यायची सक्ती कुणावर नको, हे त्यांचं मत तेव्हाही होतं आणि आज सकाळी नाश्त्यालाही होतं. मर्लचंही खरं ठरलं. एक कंपनी गेली, हप्ते वाढले, साहेब निवडणूक हरले.

त्यांच्या गव्हर्नरपदाच्या शेवटच्या दिवशी मी दालनात गेले. भिंती रिकाम्या झाल्या होत्या. मी म्हणाले, 'साहेब, त्या सहीबद्दल लोक तुमचं नाव काढतील.'

'काढतील,' ते म्हणाले. 'पण नकार आणि सही यांच्यामध्ये एक वर्ष गेलं. कायदा लागू होण्याआधीच एप्रिलमध्ये व्हर्न गेला. माझ्याबद्दल कधी बोललात, तर त्या वर्षाबद्दलही बोला.'

'सत्कार असला तरी?'

'सत्कारातच बोला. एरवी कोण ऐकणार?'

म्हणून बोलले. व्हर्न यांच्या पत्नी जूनबाई आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना बोलवायला ऑर्व्हिलसाहेब स्वतः त्यांच्या घरी गेले होते, आणि दुपारपर्यंत तिथंच बसून होते.

संयोजकांचे आणि कॉफी करणाऱ्या बायकांचे मनापासून आभार. सत्काराच्या प्रसंगी काही जड बोलून गेले असेन, तर आपण सर्वांनी पदरात घ्यावं. आणि जूनबाई, तुम्ही विशेष करून.