कोणतं पाणी गेलं?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळाचा भार हसतमुखानं वाहणारे पांडुरंगराव काटवे, अमरगोळच्या बाजारातून लिलाव अर्धवट सोडून आलेले प्रमुख पाहुणे नागेशअण्णा, ज्यांच्या हातून या सभागृहातली निम्मी मंडळी जगात आली त्या सत्कारमूर्ती डॉक्टर वनिता हलगेकर, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेला, कधीही उठून पळता येईल अशा बेतानं बसलेल्या त्यांच्या दवाखान्यातल्या यल्लव्वाअक्का, समोर बसलेले सर्व ज्येष्ठ पुरुष, आणि मागच्या दाराशी चपला घालून उभ्या असलेल्या भगिनींनो,

भगिनींनी चपला का घातल्या आहेत हे मला माहीत आहे. आज केशवापुरात पाण्याचा दिवस. पाणी आमच्या हुबळीत पाहुण्यासारखं येतं: काही दिवसांनी, न सांगता, आणि आलं की घरातल्या बायकांची धांदल उडवून. नळ आल्याचा फोन आला की हे दार उघडेल आणि सभागृह पुरुषांच्या ताब्यात जाईल. म्हणून मी थोडक्यात बोलणार आहे. वार्ताहराला थोडक्यात बोलणं जमतं, असा अध्यक्षांचा समज आहे. पांडुरंगराव, आपण माझ्या बातम्या वाचत नाही, हे त्यावरूनच सिद्ध होतं.

बाईंचा परिचय मी काय करून द्यावा? देशपांडे नगरातलं त्यांचं प्रसूतिगृह सगळ्यांना ठाऊक आहे. ते आता बंद होतंय, हेही ठाऊक आहे. त्या जागेत मुलांना डॉक्टर बनवणाऱ्या शिकवणीचा वर्ग निघणार आहे, असं ऐकतो. एका डॉक्टरला घालवून शंभर डॉक्टर आणायचे, हिशेब वाईट नाही. बाईंचे हात आता थरथरतात. थरथरत्या हातांनी बाळ घ्यायचं नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. मुलगा बेंगळुरूला आहे, त्याच्याकडे त्या जातायत.

आणि जाताना त्यांनी मंडळाकडे एकच गोष्ट मागितली आहे. ती गोष्ट म्हणजे माणूस. त्यांचा शनिवारचा वर्ग पुढे चालवेल असं एक माणूस. ते कोण, हे आज या व्यासपीठावरून मी सांगावं, असं ठरलं आहे. सांगतो. पण आधी वर्ग काय होता ते ऐका. समोरच्या रांगेतल्या एकाही सद्गृहस्थानं तो पाहिलेला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो.

पहिलटकरणींचा वर्ग. संस्कृत शिकलेले आम्ही वार्ताहर तिला 'आसन्नप्रसवा' म्हणतो, म्हणजे प्रसूती जवळ आलेली. शब्द सुंदर आहे, उपयोग शून्य. बाई असले शब्द वापरत नसत. प्रसूतिगृहाच्या पुढच्या खोलीत पाच-सात पोरी पोट सांभाळत बसलेल्या, आणि बाई टेबलाला टेकून उभ्या. बातमी करायला म्हणून मी एकदा दाराबाहेर बसलो होतो. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, त्यामुळे आत बसायची गरज नव्हती.

"सिनेमात बाई किंचाळते, मग सगळे पळतात. तसं काही होत नाही," त्या सांगत होत्या. "निम्म्या जणींना आधी नुसती कंबर दुखते. मागून भरून येते, पुढं येते, पोट दगडासारखं होतं, मग सैल पडतं. चाललात, कूस बदललीत, पाणी प्यालात आणि थांबलं, तर ती खोटी कळ. काही केल्या थांबेना, आणि पुन्हा पुन्हा, जवळ जवळ यायला लागली, तर खरी. कळलं काय गं?"

"होय बाई."

"होय बाई नको. सांग परत."

आणि पोरीनं सांगेपर्यंत सोडायच्या नाहीत. अंगावरून चिकट काही गेलं, त्यात रक्ताची रेघ दिसली, तर फोन करायचा. नुसती रेघ नसून रक्तच जात असेल, तर फोनही नको, सरळ या. बाळ रोजच्यासारखं हलेना असं वाटलं तर या, लाजू नका, उगीच आलात म्हणून कोणी रागवणार नाही. आणि सगळ्यात जोर देऊन सांगायच्या ते हे: "पाणी गेलं, की कळांची वाट बघायची नाही. महिने भरले नसले तरी नाही. धबधबा पडेल असं समजू नका. नुसतं झिरपतंसुद्धा. लघवी झाली असं वाटतं. पण रोखून धरायला गेलात आणि रोखता आलं नाही, तर ती लघवी नव्हे. पाणी गेलं, की निघायचं."

पाणी गेलं, की निघायचं. मंडळी, वाक्य निर्दोष आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे, सूचना आहे. मी व्याकरणात आयुष्य घातलेला माणूस, मलाही त्यात खोट दिसली नाही.

आता मी माझ्या घरातली काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगणार आहे. जिची आहे तिची परवानगी घेतली आहे. तिनं एक अट घातली: "काका, आत्तींना वाईट दाखवायचं नाही." ती अट मी पाळतो. पाळायला सोपी आहे, कारण तिच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, आमच्या सरस्वतीवहिनी, वाईट नाहीतच.

माझ्या थोरल्या भावाची सून शीतल. अक्षयची बायको, केशवापुरात राहते. पहिली खेप. वर्गाचा एक शनिवार चुकवला नाही तिनं. बाईंची ती लाडकी विद्यार्थिनी. बाकीच्यांना "शीतल, तू सांग" म्हणून उभी करायच्या. बाळंतपण रिवाजाप्रमाणं माहेरी, निपाणीला व्हायचं होतं. पुढच्या आठवड्यात भाऊ न्यायला येणार, बॅग भरलेली. त्यामुळे हुबळीत काही सुरू होईल, हे घरात कुणाच्या मनातच नव्हतं. बाळंतपण निपाणीत होणार होतं, जणू बाळानं तिकीट काढलं होतं.

सकाळची वेळ. आणि पाण्याचा दिवस. वहिनी अंगणात हौदाशी, हातात पाइप. अक्षय अमरगोळला गेलेला. शीतल न्हाणीघरातून बाहेर आली, दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली,

"आत्ती, पाणी गेलं."

वहिनींनी मागं वळूनही बघितलं नाही. म्हणाल्या, "गेलं तर जाऊ दे गं. हौद भरला आपला."

(थोडं थांबतो. चहा फिरवणाऱ्यांनी फिरवावा.)

तुमच्यापैकी काहीजण हसलात. हसू येतंच. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडावर हसू आलं होतं, आणि मग ते कुठं ठेवावं ते कळेना. सांगा, वहिनींचं काय चुकलं? या गावात 'पाणी गेलं' याचा दुसरा अर्थ कुणाच्या कानाला शिवतो? आपण सगळेच ते वाक्य जन्मापासून ऐकतोय. बाईंनी शीतलला नेमके शब्द शिकवले, शीतलनं नेमके शब्द उच्चारले, वहिनींनी ते नेमके ऐकले. तिघींपैकी एकीचीही चूक नाही. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. चुकीवर रागावता येतं.

शीतल खोलीत जाऊन पडली. सासूबाई इतक्या शांतपणे 'जाऊ दे' म्हणतात, त्या दोन पोरांच्या आई. म्हणजे जाऊ देण्यासारखंच असेल, असं तिला वाटलं. कळा नव्हत्या. दुपारी वहिनींनी तिला ताक-भात नेऊन दिला. "पाय लांब करून पड गं, दमलीस," म्हणाल्या. संध्याकाळी अक्षय आला, त्यानं दिवा लावला आणि चादर पाहिली.

रिक्षात वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाईंनी हात लावताच ओळखलं. डोक्याच्या आधी नाळ खाली सरकली होती, आणि बाळाचा ठोका लागत नव्हता. मुलगी होती.

बाईंनी विचारलं, "पाणी कधी गेलं?"

शीतल म्हणाली, "सकाळी. मी सांगितलं होतं, बाई."

आणि दारात उभ्या असलेल्या वहिनींना तेव्हा समजलं.

त्यानंतर आमच्या घरात पाणी जात नाही. नळ जातो. वहिनी 'नळ गेला' म्हणतात, आणि ते म्हणण्याआधी एकदा शीतलच्या खोलीत डोकावतात.

बाईंनी मात्र वर्ग बंद केला नाही. त्यांनी शब्द बदलायला घेतला. मला बोलावून म्हणाल्या, "तुमच्या संस्कृतात एखादा असा शब्द असेल की नाही, की जो नळातून येत नाही?" मला कोण आनंद! 'गर्भोदक' असा शब्द दिला. पुढच्याच महिन्यात एका पोरीनं घरी घाबरून तो उच्चारला, आजेसासूंना 'गंगोदक' ऐकू आलं, आणि त्यांनी देव्हाऱ्यातला गडू फोडून पोरीच्या तोंडात दोन थेंब घातले. पोर रडायला लागली, म्हणून ती वाचली. रडणं सगळ्यांना समजतं. माझा शब्द रद्द झाला. मग बाईंनी 'पिशवी फुटली' सुरू केलं. नागेशअण्णा, तुम्ही हसताय, कारण तुमच्याच घरची गोष्ट आहे. सून फोनवर म्हणाली, "मामंजी, पिशवी फुटली," आणि तुम्ही विचारलंत, "कुठली गं, तांदळाची की मिरचीची?" पण तुम्ही विचारलंत तरी. विचारलंत म्हणून आज नातू शाळेत जातो.

कन्नडकडे वळावं, तर तिथंही तेच. यल्लव्वाअक्का दवाखान्यातला फोन घ्यायच्या. पलीकडून कुणी "नीर होत्री", पाणी गेलं हो, म्हटलं, की यांचा ठरलेला प्रश्न: "याव नीर्री? नळद्दो, होट्टीदो?" कोणतं पाणी बाई, नळाचं की पोटातलं? गावभर या प्रश्नाची थट्टा झाली. मीही केली, छापूनसुद्धा आणली. पण असं विचारणारं माणूस घरोघरी नसतं, आणि आता दवाखान्यातही नसेल.

शेवटी बाईंनी शब्दांचा नाद सोडला. पोरींना म्हणाल्या, "काय झालं ते सांगूच नका. एवढंच म्हणा: मला आत्ता न्या." मला ते फार आवडलं. पाणिनीय भाषेत याला लोट् म्हणतात, आज्ञार्थ. 'पाणी गेलं' हा भूतकाळ, तो ऐकून माणूस मान हलवतो. 'न्या' म्हटल्यावर उठावं लागतं. मी बाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात सून सासऱ्याला आज्ञार्थात बोललेली तुम्ही कधी ऐकलीय?"

नाही ऐकलेली, मंडळी. तुम्ही ऐकली असेल तर हात वर करा. ...बरं.

वर्गात त्या पोरींकडून म्हणवून घ्यायच्या. पोरी एकमेकींकडे बघून हसायच्या, पदर तोंडाला लावायच्या, आणि "मला नेता काय हो?" असं म्हणायच्या. आज्ञेचा प्रश्न व्हायचा. बाई "परत म्हण" म्हणायच्या, पुन्हा प्रश्नच यायचा.

आता जे सांगायला मला उभं केलंय ते. बाईंच्या मनात हा वर्ग शीतलनं घ्यावा असं होतं. नवीन डॉक्टरांना विचारून झालं. ते भले लोक आहेत, त्यांना वेळ नाही, ते व्हिडिओ पाठवू म्हणाले. व्हिडिओ 'सांग परत' म्हणत नाही. बाईंचं म्हणणं, शीतलचं पोरी ऐकतील, आणि जमलं तर सासवाही ऐकतील. बाईंनी स्वतः विचारलं नाही. विचारलं तर ती 'नाही' म्हणू शकणार नाही, म्हणून मला पाठवलं.

परवा गेलो. शीतल भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, मला सगळं येत होतं," ती म्हणाली. "खरी कळ, खोटी कळ, सगळं. पाणी गेलं हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी सांगितलंही. आत्ती 'जाऊ दे' म्हणाल्या, आणि मी गेले खोलीत. ओळखायचं कसं ते बाईंनी शिकवलं. एकदा सांगून कुणी ऐकलं नाही, तर दुसऱ्यांदा कसं सांगायचं, ते मला अजून येत नाही. मी त्यांना काय शिकवू?"

मी म्हणालो, "हेच शिकव."

"येत नाही म्हटलं की, काका." आणि पुन्हा भाजी निवडायला घेत, "आत्ती आत आहेत. हळू बोला."

मी हळू बोललो. मग निघालो.

तेव्हा बाई, उत्तर असं आहे. वर्गाला माणूस मिळालेलं नाही. मंडळानं घरोघर विचारलं, अध्यक्षांनी स्वतः फोन केले. ते मी पाहिलं आहे. शनिवारी ती खोली बंद असेल, आणि त्यानंतर ती शिकवणीवाल्यांची असेल. या गावात पहिलटकरणी असणारच आहेत. त्यांचं पाणी जाणारच आहे, आणि कुणीतरी म्हणणार आहे, जाऊ दे.

समोरच्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांनो, तुम्हाला काही शिकवायची माझी पात्रता नाही. तरी उद्या घरातली कुणी दिवस गेलेली पोर दाराला धरून काही म्हणाली, तर तिच्या वाक्याचा अर्थ लावत बसू नका. आधी रिक्षा बोलवा. अर्थ वाटेत लावता येतो. हे मी सांगतोय आणि तुम्ही मान हलवताय. मान हलवणं म्हणजे काय ते मी मघाशी सांगितलंच.

मागचं दार उघडलेलं दिसतंय. नळ आला वाटतं. जा, भगिनींनो, आभार तुम्हा पाठमोऱ्यांचेच मानतो. अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, पाहुण्यांनी आपल्या घरची थट्टा सोसली, यल्लव्वाअक्का इतका वेळ बसून राहिल्या, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन, तर ते पोटात घाला.

आणि बाई, तुमच्याकडे क्षमा मागायची ती बोलण्यातल्या चुकांची नाही. तुम्ही माणूस मागितलंत. आमच्याकडे ते निघालं नाही, म्हणून आम्ही शाल आणली आहे. ती घ्या.