बोललीस की पाणी पी

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं तू? इतक्यात झालं पण?... जरा मोठ्याने बोल ना, कुजबुजतेस काय... बरं बरं, साहेबांच्या केबिनबाहेर उभी आहेस. मग कुजबुजच.

थांब हं एक मिनिट... अगं साबणवाली, तो पंखा बंद कर, काही ऐकू येत नाही. आणि मागच्या दोघी, गप्पा पुरे. आपली कोटवाली आहे फोनवर, हॉस्पिटलातून... हो, आजच होतं ना तिचं ऑर्डरचं बोलणं.

हां, बोल. धंदा शिकणारा आपला सगळा वर्ग समोर बसलाय, पण फोन माझ्याच कानाला आहे... रडू नकोस. आधी नाक पूस... रुमाल नाही? मग बाहीला पूस, कोण बघतंय... पुसलंस? आता पहिल्यापासून सांग.

हो... हो... नमुन्याचा कोट दाखवलास... साहेबांनी उलटा करून आतली शिवण बघितली? चांगलं लक्षण आहे. ज्याला घ्यायचं नसतं तो शिवण बघत बसत नाही... मग?... सगळ्या नर्सचे कोट किती दिवसांत द्याल म्हणाले... तू काय सांगितलंस?... महिना. शाब्बास. पुढे 'सॉरी' नाही ना लावलंस?... एकदाच? चालेल, एकदा माफ.

मग पाणी प्यायलीस. अगदी शिकवलं तसं. आपलं सांगून झालं की ग्लास उचलायचा, घोट घ्यायचा आणि समोरचा बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही... हसू नका गं मागे, मला स्वतःला जमत नाही ते, माहीत आहे मला.

मग अडलं कुठे?... कोण बोललं?... तुझा नवरा?... तो तर खाली गाडीत थांबणार होता ना?... पिशवी घेऊन वर आला. साहेबांनी खुर्ची दिली म्हणून बसला... आणि?... पंधरा दिवसांत देऊ म्हणाला?

अरे देवा.

नाही, काही नाही, साबणवालीने विचारलं काय झालं... तू सांग... 'एक फोन करून येते' म्हणून बाहेर आलीस... हो... हो, तेच तर. कापड आधी भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि मग कात्री लावायची. तुझ्या शिवणाऱ्या चौघीजणी मशीनवरून उठल्या नाहीत तरी कापड का लवकर वाळणार आहे? आणि न भिजवता कापलं, तर हॉस्पिटलच्या गरम पाण्यात पहिल्याच धुण्याला कोट आखडणार. त्या बिचाऱ्या नर्सच्या बाह्या कोपरापर्यंत...

काय?... आत्ता हो म्हणून टाकू? आणि पुढचं पुढे बघू?

अगं ऐक... ऐक ना... मला कळतं गं. इतक्या ठिकाणी दारातूनच परत पाठवलं तुला, आज कुणीतरी पहिल्यांदा खुर्ची दिली. ती सोडवत नाही. मलाही सोडवली नसती. पण आखडलेले कोट नेऊन दिलेस, तर त्या दारात पुन्हा पाय ठेवता येईल का?... आणि त्या चौघींना काय सांगशील?... हं... नाही ना? मग झालं.

तो कुठे आहे आत्ता?... तिथेच उभा आहे? तुझ्या शेजारी?... भांडलीस?... बोललीच नाहीस. म्हणजे जास्तच भांडलीस. मला एक सांग, पाणी प्यायचं, गप्प बसायचं, हे त्याला सांगितलं होतंस का?... नाही? मग त्याला कुठून कळणार? बायको एक वाक्य बोलली आणि ग्लास घेऊन मख्खासारखी बसली. त्याला वाटलं असणार, विसरली... नाही, बाजू घेत नाहीये मी त्याची... बरं, थोडी घेतेय. दे त्याच्याकडे फोन.

नमस्कार दादा... हो, मीच, वर्गातल्या मॅडम... अहो, माफी कसली मागताय... हो... हो... घरी आरशासमोर पाठ करताना मध्येच विसरायची... हो... म्हणून सावरून घ्यायला गेलात. दादा, तुमच्या जागी कुणीही तेच केलं असतं. आज तिच्यासाठी कामावर सुट्टी घेतलीत ना?... गाडी धुतलीत पण? तिच्यासाठी?... नाही, हसत नाहीये मी. माझ्या मिस्टरांनी आजवर माझ्यासाठी साधी सायकल धुतलेली नाही.

ऐका आता. ती विसरली नव्हती. मी शिकवलेलं आहे ते. आपण बोललो की गप्प बसायचं. गप्प बसलं की समोरच्याला विचार करावा लागतो... हो, अवघड असतं. आत गेलात की तुमच्यासमोर पण ग्लास असेल ना?... आहे. मग तुम्हीही पाणी प्या. भीती वाटली की एक घोट. पुन्हा वाटली की पुन्हा घोट... हो, ग्लास संपला तर रिकामाच धरून बसा... आणि साहेबांनी तुमच्याकडेच बघून विचारलं तर?... विचारतीलच. पुरुष बसलेला दिसला की त्याच्याकडेच बघतात... नाही, ते मी नाही सांगणार. तुमच्या मनातलं काय असेल ते बोला. द्या तिच्याकडे.

हां, मी आहे. ऐक, आत जाऊन त्याला खोटं पाडू नकोस. 'ह्यांचं चुकलं' असलं काही नको. सरळ सांग, साहेब, महिनाच लागेल, आणि का लागेल तेही सांगते... हो, भिजवण्याचं सांग... अगं ते घरातलं बायकांचं काम कसं? तोच तुझा धंदा आहे. बाकीचे शिवतात ते आखडतं, तुझं आखडत नाही.

दुसरा कोट कुठे आहे? तो धुतलेला... पिशवीतच?... का?... मळकट दिसतो? अगं वेडाबाई, तोच तर काढायचा होता. उन्हाळाभर गरम पाण्यात धुतलास ना तो? नव्या कोटावर ठेव, दोन्हींच्या बाह्या जुळवून दाखव. तोंडाने काही सांगायची गरजच नाही...

आणि सॉरी नको... आत्ता पण म्हणालीस... परत म्हणालीस. जा आता. साहेब वाट बघत असतील. जा. ठेव फोन.

हॅलो?... हॅलो?...

अगं, ठेवलाच नाही हिने. तसाच पिशवीत टाकला वाटतं. कापडाची सळसळ ऐकू येतेय... नाही, मी नाही ठेवत. म्हणजे ठेवायला हवा. ठेवते... थांबा जरा. हळू बोला गं, आपला आवाज तिच्या पिशवीतून बाहेर येईल तिकडे. पार्लरवाली, बांगड्या सांभाळ तुझ्या.

दार वाजलं... खुर्ची ओढली... ती बोलतेय... 'साहेब, महिनाच लागेल.' म्हणाली... नाही, सॉरी नाही म्हणाली... भिजवण्याचं सांगतेय. बाई गं, किती छान सांगतेय. आवाज थोडा कापतोय, पण सांगतेय... काही तरी काढलं, पिशवी हलली... कोट असणार. धुतलेला...

झालं तिचं. आता सगळे गप्प आहेत.

मला नका विचारू, काहीच ऐकू येत नाहीये. कुणीतरी पाणी पितंय एवढंच... देवा, मला सुचत नाहीये काही, मलाच पाणी द्या गं कुणीतरी...

शू. साहेब बोलले... काय म्हणाले?... 'तुमच्या मिसेस महिना म्हणतात, तुम्ही मगाशी पंधरा दिवस म्हणालात. नक्की काय ते तुम्ही सांगा.' त्यालाच विचारलं. बघा, त्यालाच विचारलं.

त्याने ग्लास ठेवल्याचा आवाज आला... पुन्हा उचलला... बोलू नकोस रे बाबा, पी, अजून एक घोट पी...

बोलला.

थांबा, सांगते... तो म्हणाला, 'साहेब, मी गाडी चालवतो. कोट ही शिवते. मगाशी मी उगाच मध्ये बोललो. हिला विचारा.'

हो, अगदी असंच. 'हिला विचारा.'... साबणवाली, तू कशाला रडतेस, तुझा नवरा आहे का तो... मी? मी कुठे रडतेय... बरं, रडतेय. रडू दे मला.

शू, शू... आता तिने ग्लास उचलला वाटतं. एक शब्द नाही बोलत गं, कशी बसली असेल... मी असते तर आतापर्यंत वीस दिवसांवर आले असते...

साहेब... साहेब विचारतायत... पेन ठेवायचा खिसा... वरचा खिसा डावीकडे देता की उजवीकडे.

खिशाचं विचारलं त्यांनी. ऐकलंत का, खिशाचं. आणि तिला विचारलं... हो, तिलाच, 'ताई' म्हणाले आधी... आता ती हसली बहुतेक. सांगतेय त्यांना, 'डावखुऱ्या नर्स किती आहेत ते आधी मला कळायला हवं.' ऐका, आता हीच प्रश्न विचारतेय त्यांना.

नाही... नाही गं, स्पीकरवर नाही टाकणार... मलाही ऐकायचंय पुढचं, जीव वरखाली होतोय माझा... पण नको. आतापर्यंत तिला आपण लागत होतो म्हणून ऐकलं. आता तिचं बोलणं आहे, तिच्या गिऱ्हाइकाशी. आपलं काय काम तिथे.

संध्याकाळी येईल ती सांगायला. दोघं येतील. पाणी भरून ठेवा.

चला, गप्प बसते मी. ठेवते.