मागच्या सीटवरचे एकोणपन्नास किलो

जबाब देणारीला गावात 'वजनवाली' म्हणतात. वय ५४ वर्षे. काम: विमानतळावर प्रवासी व सामानाचे वजन करणे, आता निवृत्त. राहणार धावपट्टीमागची कर्मचारी वसाहत, खोली क्रमांक सात, सासूबाईंसह.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात आले आहे आणि पूर्ण शुद्धीवर राहून सांगते ते असे:

मी एकोणतीस वर्षे वजनकाट्यावर काम केले. आमच्या विमानतळावरून लहान विमाने सुटत. खिंड ओलांडून पलीकडच्या शहरात जायला रस्त्याने दोन दिवस लागत, विमानाने पस्तीस मिनिटे. लहान विमानात वजन नेमके लागते. म्हणून प्रत्येक प्रवाशाला हातातल्या पिशवीसकट काट्यावर उभे करायचे आणि कागदावर सीटचा क्रमांक व किलो लिहायचे. नाव मी लिहीत नसे, नावांची यादी तिकिटाच्या खिडकीवर असे. काट्यावर माणूस सरळ वागत नाही. कोणी श्वास रोखून धरतो, कोणी पिशवी हळूच बायकोकडे देतो. काटा मात्र कोणाची भीड ठेवत नाही.

जागा आणि वजन शिल्लक असेल तर कर्मचारी आपल्या घरच्या माणसाला बिनतिकिटाचे बसवत. नियमात ते नव्हते, पण सगळेच करत. अशा माणसाचे वजन कागदावर 'सामान' म्हणून लिहायची पद्धत होती. ती पद्धत मी पाडली नाही, पण मी ती वापरली.

तेवीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला दुसरा मंगळवार. माझी नणंद, जिला घरात सगळे धाकटी म्हणत, तेव्हा बावीस वर्षांची होती. तिला नर्सिंगच्या शिक्षणासाठी पलीकडच्या शहरात मुलाखतीला बोलावले होते, त्याच दिवशी दुपारी बारा वाजता. सासूबाईंचा नकार होता. मुलगी एवढ्या लांब राहणार, हे त्यांना पटत नव्हते. धाकटी माझ्यामागे लागली. म्हणाली, "वहिनी, नुसतं जाऊन येते. निवड झाली तर आईला मी सांगते, नाही झाली तर सांगायचंच काय?" मला ते पटले. मैत्रिणीकडे दोन दिवस राहायला जाते, असे घरी सांगायचे दोघींनी मिळून ठरवले. वेळेचा घोटाळा होऊ नये म्हणून मी माझ्या नवऱ्याचे मनगटी घड्याळ तिला दिले. पट्टा सैल होत होता, म्हणून त्याला दाभणाने एक जादा भोक पाडले. भोक थोडे तिरके पडले.

त्या विमानात सोळा प्रवासी आणि दोन वैमानिक होते. मागच्या तीन सीट रिकाम्या होत्या. धाकटीला मी काट्यावर उभे केले. एकोणपन्नास भरली. मी लिहिले: मागची सीट, सामान, ४९. कॅप्टनने कागद पाहिला, तिच्याकडे पाहिले आणि मला विचारले, "बाई, हे सामान फार बडबड करतं का?" मी म्हणाले, फार. तो म्हणाला, वजनात बसत असेल तर बसू दे. हे कॅप्टनच्या अंगावर ढकलण्यासाठी मी सांगत नाही. तो भला माणूस होता, आणि तिला बसवली मी.

वजनात ती बसत होती. तिला धरूनही विमान मर्यादेपेक्षा अडतीस किलोने हलके होते. जबाब लिहून घेणाऱ्या साहेबांनी आत्ता विचारले, खात्री आहे का. आहे. ती बेरीज मी पुन्हा केली आहे. किती वेळा, ते विचारू नये.

विमान सात चाळीसला सुटले. सव्वाआठला पलीकडून उतरल्याचा निरोप यायला हवा होता. आला नाही. साडेनऊला तिकिटाची खिडकी बंद केली. मी काट्याजवळ उभी होते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी काय केले ते मला सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी खिंडीच्या उत्तर उतारावर विमान दिसले. त्या हंगामात चौदा मृतदेह खाली आणले, मग बर्फाचा कडा कोसळला आणि उरलेले तिथेच राहिले. ढगात वैमानिकाची वाट चुकली, असा निष्कर्ष चौकशी समितीने काढला. माझा कागद त्यांनी पाहिला. मागच्या सीटवर कसले सामान होते, असे विचारले. मी औषधांची खोकी म्हणाले. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

इकडे धाकटी मैत्रिणीकडे गेलीच नव्हती, हे घरी कळले. यादीत तिचे नाव नव्हते, म्हणून विमानाशी कोणी तिचा संबंध जोडला नाही. त्याच मंगळवारी गावातला एक लाइनमन बदली होऊन गेला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, ती त्याच्याबरोबर पळाली म्हणायला लोकांना एवढे पुरले. माझ्या नवऱ्याने याच ठाण्यात बहीण हरवल्याची तक्रार दिली. लाइनमनच्या घरापर्यंत जाऊन आला. तिथे लाइनमन, त्याची बायको आणि दोन मुले होती. तरी गाव बोलायचे ते बोलतच राहिले. तक्रारीच्या कागदावर शेरा आहे: 'स्वखुशीने निघून गेली असावी.' तेव्हा माझाही जबाब घेतला होता. मला काही माहीत नाही, असे मी त्यात सांगितले. तो जबाब खोटा आहे.

का गप्प बसले, हे साहेबांनी विचारले. आधी नोकरीची भीती होती. मग घराची. एक दिवस गप्प बसले की दुसऱ्या दिवशी तोंड उघडणे जड जाते, आणि वर्ष गेले की तोंडच राहत नाही. शिवाय मी मनाची एक समजूत घातली होती. पळून गेलेली मुलगी कुठेतरी जिवंत असते. सासूबाईंना तेवढे तरी राहू दे, असे मी म्हणत आले. ते मी त्यांच्यासाठी म्हणत नव्हते, हे मला कळत होते. माझा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. त्यालाही सांगितले नाही. घड्याळ हरवले, एवढेच सांगितले.

या उन्हाळ्यात उतारावरचा बर्फ मागे हटला. चार जण मिळायचे होते, पाच मिळाले. ठाण्याच्या फळ्यावर नोटीस लागली: स्त्री, वय सुमारे वीस ते पंचवीस, विमानाच्या शेपटाजवळ सापडलेली, यादीत नाही, गिर्यारोहक असण्याची शक्यता, हातात पुरुषी घड्याळ. साहेबांनी आज ते घड्याळ मला दाखवले. तिरके भोक मी ओळखले. ती गिर्यारोहक नव्हती. तिला जिना चढायचाही कंटाळा होता.

आवश्यक तेवढेच सांगा, असे साहेब मधे म्हणाले. तेवीस वर्षे मी तेवढेच सांगत आले, म्हणून आज सगळे सांगते आहे. खोट्या जबाबाबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, याची मला समज दिली. ती व्हावी. माझ्या दोन मागण्या आहेत. तक्रारीवरचा तो शेरा काढावा, आणि विमानतळावर त्या अपघाताच्या स्मरणाचा जो दगड आहे, त्यावरच्या अठरा नावांखाली तिचे नाव घालावे. शाळेच्या दाखल्याप्रमाणे ते नाव मी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. अर्ज पुढे पाठवू, असे म्हणाल तर मी उद्या येईन, परवाही येईन. घर जवळच आहे.

आज सकाळी सात वाजता मी सासूबाईंना सांगितले. त्या ऐंशी वर्षांच्या आहेत, कान चांगले आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तेवीस वर्षं मी तिला शिव्या घातल्या. आणि तू समोर बसून ऐकत होतीस." त्यांनी चपला घातल्या आणि माझ्या पुढे चालत ठाण्यात आल्या. ओळख पटवण्यासाठी रक्ताचा नमुना द्यायला त्या तयार आहेत. बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. माझ्याशी बोलत नाहीत.

हा जबाब मला दार उघडे ठेवून मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे ठेवा, असे मीच सांगितले होते. वाचून झाल्यावर सासूबाई दारात आल्या आणि त्यांनी साहेबांना, माझ्याकडे न पाहता, सांगितले की एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती हिला विचारा. साहेबांनी विचारले. त्यावरून पुढील ओळ वाढवली आहे.

विमानात चढताना ती घाबरलेली नव्हती.

ही ओळही मला वाचून दाखवली. ती खरी आहे.