दारामागचं घर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान वनखात्याचे मोठे साहेब, वकील संघातले माझे बंधू-भगिनी, आज आपण ज्यांना निरोप देतोय त्या आपल्या मॅडम, आणि शेवटच्या रांगेत चपला काढून बसलेल्या मावशी. मावशी, चपला घाला हो, सभागृह तुमचंही आहे.

मॅडम आमच्या सुनावणी अधिकारी. आजपासून त्या स्टेशनरीचं गोदाम सांभाळणार. अध्यक्ष मघाशी म्हणाले, ही बढतीच आहे. असेल बुवा, गोदाम वरच्या मजल्यावर आहे खरं.

सगळ्यांनी मॅडमच्या शिस्तीचं कौतुक केलं. ती शिस्त नेमकी कुठे आडवी आली, हे मात्र सगळे सोयीस्कर विसरले. मी या मावशींचा वकील, म्हणून आठवण करून देणं माझ्याकडे आलं.

राखीव जंगलातलं घर काढता येतं, याबद्दल माझा वाद नाही. पण आधी नोटीस, मग माणसाचं म्हणणं, मग निकाल, आणि गरज पडली तर शेवटी ट्रॅक्टर. खात्याने सुरुवातच ट्रॅक्टरने केली. मावशींचं घर भुईसपाट झाल्यावर कुणाला तरी आठवलं, अरे, नोटीस राहिलीच की! नोटीस दारावर चिकटवून फोटो काढायचा, ही यांची पद्धत. मग ढिगाऱ्यातून दार ओढून काढलं, दोन गार्डांनी दोन्हीकडून उभं धरलं, तिसऱ्याने त्यावर नोटीस डकवली आणि फोटो काढला. कहर म्हणजे तोच फोटो पुरावा म्हणून दाखल केला.

मॅडमनी चष्मा पुसून तो पाहिला. दाराच्या कडांना बोटं दिसत होती आणि मागे एक शेळी निवांत चरत होती. त्यांनी एवढंच विचारलं, "या दारामागचं घर कुठे आहे?"

साहेब, तेव्हा तुम्ही पाणी मागवलं होतं. आठवतंय ना?

मॅडमनी हुकूम दिला, की घर होतं तसं बांधून द्या, रीतसर नोटीस द्या, आणि मी ऐकून घेईपर्यंत हात लावू नका. मावशींनाही त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. जमीन जंगलाचीच निघाली तर उठावं लागेल, असं तोंडावर सांगितलं. त्यावर मावशी म्हणाल्या, "उठवा बाई. पण आधी माझं ऐका."

एवढंच मागणं होतं. घर बांधून झालं, तेच जुनं दार बसवलं, येत्या सोमवारी सुनावणी ठरली. मावशी मला रोज विचारायच्या, तिथे उभं राहून बोलायचं की बसून? आणि परवा मॅडमच्या बदलीचा हुकूम आला.

मॅडम, तुमच्या सत्कारात हे सांगताना मला लाज वाटते, पण तुम्हाला दुसरं कोण सांगणार? खातं सुधारलंय. काल सकाळी त्यांनी नोटीस डकवली, घर उभं असताना, अगदी रीतसर. फोटोही छान आलाय, मागे घर स्पष्ट दिसतं. दुपारी घर पाडलं. मी विचारायला गेलो तर म्हणाले, हुकूम मॅडमचा होता, आणि मॅडम आता कुठे आहेत?

मावशींच्या जावयाने ते दार टेम्पोत घालून इथे आणलंय. बाहेर भिंतीला टेकवून ठेवलंय. जाताना त्यावरची नोटीस जरूर वाचा. म्हणणं मांडायला पंधरा दिवसांची मुदत दिलेली आहे.

मॅडम, तुम्ही आमच्यासारख्यांचं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचेही आभार. पुढच्या वेळी बोलावणार नाहीत, हे कळतंय मला. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि साहेब, नाहीच घालता आलं, माझ्यावर कारवाई करावीशी वाटली, तर आधी नोटीस पाठवा. माझं घर अजून उभं आहे. दार धरायला माणसं आणावी लागणार नाहीत.