गुहेतून आलेला जवाब

माझ्या हिमतीचं तं विचारूच नका. आम्हा पोरांले गुहा दाखवत हिंडणारे आपले गुहावाले काका कोणत्याही गुहेत शिराच्या आधी हाक मारत, "येऊ का जी आत?" आम्हाले सांगत, "आत अस्वल राहू शकते. आवाज आला तं गुपचूप परत फिराचं."

काका वारल्यावर आम्ही सारे हिंगणीजवळच्या त्यांच्या आवडत्या गुहेपाशी जमलो. त्यांच्या धाडसावर भाषण मीच ठोकलं. मग ऐटीत हाक मारली, "येऊ का जी आत?"

आतून आवाज आला, "ये ना बे!"

मी जो पळालो, तो बस धरून थेट सिंदी मेघेले, घरी. संध्याकाळी आमच्यातल्याच प्रमोदचा फोन आला. माझ्या भाषणाले कंटाळून तोच आत जाऊन बसला होता.

म्हटलं, "मी काकांचा नियम पाळला."

"काकांनी परत फिराले सांगितलं होतं बे, सिंदी मेघेपर्यंत नाई!"