शेजारची बशी
दवाखान्याच्या बाकावर, माझ्या शेजारी मायलेकी दबक्या आवाजात भांडत होत्या.

"आई, खरं सांग. गोळ्यांशिवाय बाबांना काय देतेस? त्यांचं लिव्हर बिघडलंय."

"तुझ्याच झाडाचा काढा. पेपरात आलं होतं ना, तुझ्या प्रयोगात त्याच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणून?"

"अगं, काचेच्या बशीत मेल्या! शेजारच्या बशीत निरोगी पेशी होत्या, त्याही मेल्या."

"हे कुठे छापलं होतं?"

"बातमीदाराने विचारलं नाही. मीही बोलले नाही."

"वा गं वा!"

"किती दिवस देतेयस?"

"तीन आठवडे."

"इतकं कडू बाबा पितात तरी कसे?"

"नाक दाबून. म्हणतात, लेकीने शोधलंय, थेंबही सांडू नकोस."